रॅकसाठी हीट केबल की हीट टेप? किनाऱ्यावरच्या घरासाठी तुलना

बॉल पायथन या आफ्रिकी अजगरासाठी पाच कप्प्यांचा रॅक कोकणात उभारताना उष्णता निर्माण करणे हा मोठा प्रश्न नसतो, कारण खोलीचे तापमान मुळातच बरेच असते आणि कप्प्याची एक बाजू ३२ अंशांच्या आसपास ठेवण्यासाठी हीटरला थोडीच भर घालावी लागते. त्रास होतो तो जोडणीचा. खाऱ्या, दमट हवेत तांब्याचा प्रत्येक उघडा जॉइंट हळूहळू खराब होत जातो, म्हणून माझ्या मते निवड करताना वॉटच्या आधी जॉइंट मोजावेत. (देशी साप पाळण्यास कायद्याने मनाई आहे आणि बॉल पायथन साइटीस या वन्यजीव व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये असल्यामुळे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, ती झाली आहे असे येथे धरले आहे.)

हीट केबल म्हणजे सिलिकॉनच्या आवरणातली, ठरावीक लांबीची तापणारी वायर. ती एकच असून सर्व कप्प्यांतून फिरते, आणि तिचा जॉइंट कारखान्यातच बंद केलेला असल्यामुळे हवेला शिरकाव नसतो. मात्र ती मध्ये कुठे तुटली, तर सगळे कप्पे एकदम थंड पडतात. ती कापून लहान करता येत नाही, कारण लांबी घटली की रोध घटतो आणि वायर जास्त तापते. स्वतःवरून ओलांडून घातली तरी त्या जागी आवरण भाजते.

हीट टेपमध्ये दोन्ही कडांना तांब्याच्या पट्ट्या आणि मध्ये कार्बनचे आडवे पट्टे असतात. ती खुणेवर कापता येते, प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र तुकडा समांतर जोडता येतो आणि एक तुकडा बंद पडला तरी बाकीचे चालू राहतात. पण प्रत्येक तुकड्याला दोन क्लिपा लागतात, म्हणजे पाच कप्प्यांना दहा जॉइंट. पावसाळ्यानंतर अशी क्लिप उघडली, तर तांब्यावर हिरवट थर आणि प्लॅस्टिकवर तपकिरी डाग दिसू शकतो. डाग दिसला की ती क्लिप पुन्हा आवळून वापरू नये, पट्टीचे टोक कापून नवी लावावी. टेप ११०-१२० व्होल्टची नाही ना, हेही पाहावे; तशी टेप आपल्या २३० व्होल्टवर थेट जोडली, तर साडेतीन पटींहून अधिक उष्णता देते आणि आग लागू शकते. असे दोन तुकडे सिरीजमध्ये जोडण्याचा सल्ला मिळतो, पण त्यांची लांबी सारखी नसेल तर व्होल्टेजची वाटणी बिघडते. मी तो मार्ग सुचवणार नाही.

बिघाड शोधण्यात टेप सरस ठरते. प्लग काढून, थर्मोस्टॅट (तापमान पाहून हीटर चालू-बंद करणारे उपकरण) वगळून, मल्टिमीटरने रोध पाहावा. २० वॉटच्या एका तुकड्याचा रोध सुमारे २,६४५ ओहम असतो, तर पाच समांतर असल्यास एकत्रित रीडिंग ५२९ येते. ते ६६१ च्या जवळ आले, तर एक तुकडा गेला असे रॅक न उघडताच कळते. १०० वॉटची केबल धड असेल तर तीही ५२९ दाखवते, तुटली असेल तर काहीच दाखवत नाही. नेमकी कुठे तुटली हे कळत नाही आणि कळले तरी उपयोग नसतो, कारण ती पूर्णच बदलावी लागते.

रीडिंग बरोबर असूनही कप्पे कोमट असतील, तर आधी घरातले व्होल्टेज तपासावे. १९० व्होल्टला उष्णता सुमारे ६८ टक्क्यांवर येते. त्यानंतर थर्मोस्टॅटच्या आउटपुटला साधा फिलामेंटचा बल्ब लावून पाहावा. बल्ब पेटत असेल तर थर्मोस्टॅट चालू आहे. मग सेन्सर नेमका कोठे बसला आहे ते पाहावे. वरचा कप्पा खालच्यांपेक्षा गरम राहतो, त्यामुळे एकच सेन्सर वापरायचा असेल तर तो वरच्या कप्प्यात, चिकटपट्टीने नव्हे तर क्लॅम्पने पक्का बसवावा. निसटलेला सेन्सर थंड हवा मोजत राहतो आणि हीटर बंदच होत नाही.

समुद्रालगतच्या घरात तीन-चार कप्प्यांसाठी मी केबल घेईन आणि दुसरी केबल कपाटात तयार ठेवेन. सहाहून अधिक कप्पे असतील, किंवा घर सावंतवाडीसारखे किनाऱ्यापासून आत असेल, तर टेप घ्यावी. मात्र कप्पे दोन सर्किटांत वाटावेत आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र प्लग द्यावा, म्हणजे पावसात आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडू लागली की एकेक प्लग काढून दोषी तुकडा सापडतो. रॅक लोखंडी असेल तर अर्थिंग दोन्ही पर्यायांत अनिवार्य आहे, आणि ते वायरमनकडूनच करून घ्यावे.