ताडोबाची "कन्फर्म कोर सफारी" – पैसे पाठवायच्या आधी वाचा

व्हॉट्सॲपवर कुणी ताडोबाची कोर सफारी (म्हणजे जंगलाच्या आतल्या, मुख्य भागातली) "कन्फर्म, टायगर गॅरंटी" म्हणून विकत असेल तर निदान हे वाचून होईपर्यंत तरी पैसे पाठवू नका. आमचे 24,000 गेले, सहा जणांच्या दोन सफारींचे, आणि सोबत सासू-सासरे होते म्हणून राग जास्त आहे.

मे महिना म्हणजे ताडोबाला झुंबड. जंगलातले पाणवठे आटत जातात, जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात, वाघ दिसायचा चान्स वाढतो, आणि म्हणूनच बुकिंग मिळत नाही. एका गेटवरून एका वेळेला ठराविकच जिप्सी सोडतात, जिप्सीत सहा पर्यटक, वर गाईड आणि ड्रायव्हर. आम्हाला पाहिजे त्या तारखांना मोहर्ली, कोलारा, नवेगाव सगळी गेटं फुल्ल. फेसबुकवरच्या एका जंगलप्रेमींच्या ग्रुपमध्ये एकाने टाकलं होतं, कॅन्सलेशनमधल्या कोरच्या सीट्स आहेत, इनबॉक्स करा.

आम्हाला कोरच का हवं होतं तर सासऱ्यांमुळे. त्यांना वाघाचं एवढं काही नव्हतं, त्यांना ताडोबाचा तलाव बघायचा होता, त्यातल्या मगरी, आणि मोहर्लीहून आत जाताना रस्त्याच्या कडेला गोंड राजांच्या काळातले दगडी खांब लागतात ते. हे सगळं कोरमध्ये. बफरच्या (कोरच्या बाहेरच्या पट्ट्याच्या) परमिटवर तिथे जाता येत नाही, हा मुद्दा लक्षात ठेवा.

माणूस बोलायला अगदी गोड. ताई ताई करत होता. आधारचे फोटो मागितले, नावं-वयं घेतली, आणि लगेच एक व्हिडिओ पाठवला, "ताई आज सकाळचा आहे, मोहर्ली कोर, वाघीण आणि तीन बच्चे, आपला ड्रायव्हर होता". व्हिडिओ भारीच होता, मुलाने तो शाळेच्या ग्रुपवर पण टाकला. पैसे यूपीआयवर घेतले. पैसे टाकताना स्क्रीनवर जे नाव आलं ते वेगळंच, विचारलं तर म्हणे पार्टनरचं अकाउंट आहे. संध्याकाळपर्यंत दोन परमिट पीडीएफमध्ये आले, वर वनविभागाचं नाव, बुकिंग आयडी, गेट मोहर्ली, खाली आमची सहा नावं, सगळं होतं.

पहाटे अंधारात मोहर्ली गेटवर पोचलो. सासूबाईंनी स्कार्फ-टोपी सगळं चढवलेलं, पुतणी दुर्बीण गळ्यात घालून तयार. खिडकीवरच्या माणसाने आयडी टाकला आणि आमच्याकडे बघितलं. म्हणाला, मॅडम हा नंबर दुसऱ्याच फॅमिलीचा आहे आणि तोही आगरझरी बफरचा, ती लोकं येऊन पण गेली. मग त्यानेच प्रिंट दिव्याखाली धरून दाखवली. गेटचं नाव आणि आमची सहा नावं बाकीच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड होती आणि ओळीच्या केसभर वर बसलेली. मोबाईलच्या स्क्रीनवर ते कुणाला दिसणार? दुसरा परमिट पण तसाच. म्हणजे कुणाचं तरी खरं बफरचं परमिट घेऊन त्यावर आमची नावं चिकटवलेली. खिडकीवरचा माणूस नियमाने वागला, त्याच्यावर आमची तक्रार नाही, दुसऱ्याच्या परमिटवर तो आम्हाला आत सोडणार तरी कसा.

परमिट विकणाऱ्याला फोन लावला. आधी "नेटवर्क प्रॉब्लेम", मग "सिस्टीम एरर झालाय ताई", आणि शेवटी चक्क म्हणाला, "कोलारा गेटला जा, तिथे माझा पोरगा उभा आहे, तो आत घेईल". ज्यांना भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला आणि कोलारा चिमूरच्या बाजूला. जंगल एकच असलं तरी परमिटशिवाय मधून कोण सोडणार, बाहेरून फिरून जायचं तर दोन तासांच्या वर लागतात. म्हणजे आम्ही कोलाऱ्याला पोचेपर्यंत सकाळची सफारी संपत आली असती आणि हा म्हणाला असता तुम्ही लेट आलात. नवऱ्याने ते ओळखलं आणि जायला नकार दिला. त्यानंतर फोन बंद, व्हॉट्सॲपवर ब्लॉक.

दुपारची बफरची एक जिप्सी अधिकृत साईटवर मिळाली, तिचे पैसे वेगळे भरले. आता खरं सांगायचं तर बफर वाईट नाही हो, लोकं उगाच नाक मुरडतात. रानगव्यांचा कळप अगदी जिप्सीजवळून गेला, काळाकभिन्न नर आणि पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, सासूबाई तर माझा हात धरून बसल्या. एका नाल्यापाशी चितळाने कॉल दिला (वाघ-बिबट्या जवळ असल्याचा इशारा), वानरं पण ओरडायला लागली, गाईडने गाडी बंद करायला लावली, आम्ही बराच वेळ श्वास रोखून बसलो आणि वाघ काही आला नाही. असंच असतं ते. पण कोर सांगून बफरचा कागद विकणं, आणि तोही दुसऱ्याच्या नावाचा, ही सरळ चोरी आहे.

त्या गाईडला मुलाने तो व्हिडिओ दाखवला (बाहेर आल्यावर, मोबाईल परत हातात आल्यावर). गाईड हसायलाच लागला. म्हणाला, दादा हे गवत बघा की, कमरेएवढं हिरवंगार, मे मध्ये इथे सागाला पान राहत नाही, बांबू वाळून पिवळा पडलाय, हा पावसानंतरचा व्हिडिओ आहे आणि आपल्या जंगलातला आहे का तेच माहीत नाही. शिवाय कोरमध्ये पर्यटकाला मोबाईल न्यायला बंदी आहे, मग "आज सकाळी" ड्रायव्हरच्या शेजारी बसून मोबाईलवर हा काढला कुणी? खरंच की. आणि गॅरंटीचं विचाराल तर म्हणे, मी इथलाच, लहानपणापासून जंगलात आहे, मी पण देऊ शकत नाही.

घरी येऊन सांगितल्यावर मावसबहीण म्हणाली तिच्या ऑफिसमधल्या एकाला तर मंगळवारची कोर सफारी विकली होती. मंगळवारी ताडोबा बंद असतो! तसंच 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोर बंद असतं, तेव्हा पावसाळ्यातली कोर सफारी कुणी ऑफर केली तर तो माणूस तिथेच ओळखा.

1930 या सायबर हेल्पलाईनवर फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला की पैसे कधी पाठवले, कारण लवकर कळवलं तर पैसे पुढे सरकायच्या आधी खातं गोठवता येतं. आमचे पाठवून बरेच दिवस झाले होते. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली आहे, यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर, चॅटचे स्क्रीनशॉट आणि ते दोन्ही पीडीएफ जोडलेत. तक्रारीचा नंबर मिळालाय, पैसे नाहीत.

परमिट दुसऱ्याकडून घ्यावंच लागलं तर एक करा. पीडीएफवर समाधान मानू नका, बुकिंग आयडी घेऊन निघायच्या आधी वनविभागाच्या बुकिंग ऑफिसला फोन करा आणि त्या आयडीवर गेट कुठलं आणि नावं कुणाची हे त्यांच्याच तोंडून ऐका. साईट उघडताना पण पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का बघा. जूनमधल्या तारखा ज्यांनी अशाच कुणाकडून इनबॉक्समध्ये घेतल्यात त्यांनी हा फोन आजच करा, पैसे पाठवून एक-दोनच दिवस झाले असतील तर 1930 वाले अजून काहीतरी करू शकतील.