क्रेट की पॅड? पिल्लाला शी-शूची सवय लावण्याआधी

कुत्र्याचं पिल्लू घरी येणार म्हटलं की पहिली काळजी शी-शूची. क्रेट, म्हणजे दाराचा जाळीदार पिंजरा, आणावा की कोपऱ्यात शू शोषून घेणारे पॅड अंथरावेत? माझ्या मते हे पिल्लाच्या जातीवरून कमी आणि दिवसभर घरात कुणी असतं का, यावरून जास्त ठरवावं.

कुत्रा सहसा आपल्या झोपायच्या जागी घाण करत नाही. क्रेटचा सगळा भर या स्वभावावर आहे, म्हणून मापात चूक चालत नाही. पिल्लाला उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं, एवढीच जागा हवी. क्रेट ऐसपैस असला की एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्यात शू सुरू होते. मोठ्या होणाऱ्या जातीसाठी मध्ये सरकती जाळी असलेला क्रेट घ्या, म्हणजे वाढेल तशी जागा वाढवता येते.

पण क्रेट स्वतः काही शिकवत नाही. तो पिल्लाला थोडा वेळ धरून ठेवायला लावतो, बाहेर तुम्हालाच न्यावं लागतं. ढोबळ हिशेब असा: वय जितके महिने, त्यात 1 मिळवा, तितके तास ही कमाल मर्यादा. 2 महिन्यांचं पिल्लू फार तर 3 तास थांबेल. जागं असताना तेवढंही नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच न्यायचं. त्याला 8 तास कोंडून ठेवलं तर नाइलाजाने ते आतच करतं आणि झोपायची जागा स्वच्छ ठेवण्याची उपजत ओढच बोथट होते. ती पुन्हा जागवणं फार जड जातं. घाणेरड्या पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लांची ती आधीच गेलेली असू शकते. त्यांच्यावर क्रेटची सक्ती करू नका.

क्रेटची ओळख सावकाश व्हावी. आधी दार उघडं ठेवून आत खाऊ, मग जेवण आत, मग काही सेकंदच दार बंद. आत सोडताना गळ्यातला पट्टा काढा, तो जाळीत अडकू शकतो. शिक्षा म्हणून आत टाकणं कधीही नाही. लाळ गळत असेल, दार ओरबाडून नखं रक्ताळत असतील, तर तो हट्ट नसतो, पिल्लू घाबरलेलं असतं. तिथेच थांबा.

घर बराच वेळ रिकामं राहत असेल तर मात्र पॅड बरे. जाळीचं कुंपण करून एका बाजूला अंथरूण, दुसऱ्या बाजूला पॅड. अगदी लहान जातींना आणि लसीकरण पूर्ण व्हायचं असलेल्या पिल्लांनाही हे सोयीचं पडतं. तोटा असा की पावलांखाली जे लागतं त्याची पिल्लाला सवय होते. मऊ पॅडवर शिकलेल्याला पायपुसणं आणि गालिचाही तसाच वाटतो, आणि पुढे बाहेर जायची सवय नव्याने लावावी लागते.

दोन्ही नको असेल तर पिल्लाला दोरीने स्वतःजवळ बांधून सतत नजर ठेवता येते. जमलं तर उत्तम, पण दिवसभर हे फार थोड्यांना जमतं.

पद्धत कुठलीही असो, बक्षीस शू झाल्याच्या क्षणी, त्याच जागी द्या. घरात परतल्यावर दिलं तर पिल्लाला ते आत येण्याचं बक्षीस वाटतं. चुकून घरात झालं तर ओरडू नका, नाक घासू नका. त्याने ते फक्त तुमच्यापासून लपून करायला शिकतं. डाग एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा, शूमधल्या अमोनियाचा वास त्याला पुन्हा तिथेच ओढतो. शिकलेलं पिल्लू अचानक घरात करू लागलं तर आधी पशुवैद्याला दाखवा, मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो.

घरी कुणी असेल तर मी क्रेट निवडेन. दिवसा घर रिकामं असेल तर दिवसा कुंपण आणि पॅड, रात्री क्रेट. तो आपल्या पलंगाशेजारीच ठेवा, म्हणजे कुंई ऐकू येईल. मग दिवा मंद, खेळ नाही, गप्पा नाहीत. बाहेर न्यायचं, शू झाली की परत झोपवायचं.