सीएसएमटी ते एनसीपीए: डबलडेकरची फेरी आणि आईची ट्राम

बस ए-११५, लाल, विजेवर चालणारी एसी डबलडेकर. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहापर्यंत. तिकीट १२ रुपये. माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा भाड्यापायी कापलाय, आणि त्यात ड्रायव्हर-कंडक्टरचा काडीचाही दोष नाही.

रविवारी आईला घेऊन गेले होते. आई ऐंशीची. गुडघे कुरकुरतात, पण डबलडेकर म्हटल्यावर तिला वरच बसायचं होतं, तेही अगदी पुढे. या बसला दोन दारं आणि दोन जिने आहेत. जिना अरुंद असला तरी धरायला दांडे भरपूर आहेत. कंडक्टर म्हणाले, "मावशी, सावकाश. तुम्ही बसल्याशिवाय बेल देत नाही." खरंच दिली नाही. आई पुढच्या काचेशी जाऊन बसली, पिशवी मांडीवर घेतली, मग खाली बेल वाजली. एवढ्या एका गोष्टीसाठी मी पूर्ण पाच तारे द्यायला तयार होते.

गाडी आवाज करत नाही. जुन्या डबलडेकरचं इंजिन सिग्नलला उभं राहिलं की अख्खा वरचा मजला थरथरायचा, ते इथे नाही. गारवा बेताचा आहे, म्हाताऱ्या माणसाला शाल लागत नाही. खिडक्या मात्र बंद. जुन्या गाडीत पुढच्या खिडकीतून येणारा वारा हेच निम्मं सुख होतं, ते १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटच्या साध्या डबलडेकरबरोबर गेलं. आईला वारा हवा होता. पण समुद्राच्या बाजूचं मोकळं आभाळ दिसायला लागल्यावर ती वारा विसरली.

बस पकडण्याआधी आम्ही दोन ठिकाणी थांबलो, तुम्हीही थांबा. स्टेशनसमोर भाटिया बागेत जुन्या ट्रामसारखा एक डबा उभा करून ठेवलाय. आणि हुतात्मा चौकात कारंज्यापाशी ट्रामचे जुने रूळ आहेत. काही वर्षांपूर्वी खोदकामात सापडले ते. रूळ म्हणजे रेल्वेसारखा नव्हे. त्याला मधोमध खाच असते, चाकाची कड त्या खाचेतून जाते. आई वाकून बघत म्हणाली, "ह्या खाचेत माझी चप्पल अडकली होती, लालबागला. आबांनी ओढून काढली, पण चपलेचा अंगठा तुटला." आबा म्हणजे तिचे वडील. मग भर चौकात ती मला चप्पल कुठल्या पायाची होती ते सांगत बसली.

मुंबईत ट्राम सुरू झाली ९ मे १८७४ ला. घोडे ओढायचे. एक मार्ग कुलाब्याहून पायधुणीपर्यंत, दुसरा बोरीबंदरहून, म्हणजे आजच्या सीएसएमटीहून, काळबादेवीमार्गे पायधुणीला. १९०७ मध्ये ती विजेवर आली, १९२० मध्ये तिला वरचा मजला चढला. म्हणजे आज आपण ज्या विजेवरच्या डबलडेकरचं कौतुक करतोय, ती मुंबईला शंभर वर्षांपूर्वीच मिळाली होती. ३१ मार्च १९६४ ला रात्री दहा वाजता बोरीबंदरहून शेवटची ट्राम दादरला निघाली. ती आमच्या लालबागवरूनच जाणार होती. आई तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची, चाळीच्या गॅलरीत उभी होती. खाली रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसंच माणसं. आबा गिरणीतून आले ते वर आलेच नाहीत, खालीच थांबले. ट्राम गेल्यावर ते जेवायला बसले आणि कोणाशी बोलले नाहीत, एवढं तिला आठवतं.

बंद करण्याची कारणं तेव्हाही आजच्यासारखीच सांगितली होती: सावकाश चालते, मोटारींची वाट अडवते, तोट्यात आहे.

मी आईला विचारलं, "मग दुसऱ्या दिवशी काय केलंत?"

"काय करणार? बसच्या रांगेत उभे राहिलो. बस होती ना."

हे उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. मी बॅलार्ड इस्टेटला एका ऑफिसात तीस वर्षं हिशेब लिहिते. एका खात्यातला तोटा पुसला की तो दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात उगवतो. ट्राम गेली तेव्हा बस आणि वीज दोन्ही पुरवणारा, महापालिकेच्या मालकीचा बेस्ट उपक्रम तिच्या जागी बस देऊ शकला, कारण शहर त्याच्या पाठीशी होतं. नंतर कित्येक वर्षं विजेच्या धंद्यातल्या नफ्यावर बसचा तोटा भरून निघायचा. वीज नियामक आयोग आल्यावर त्या सोयीवर प्रश्न उभे राहिले. शहर भागातल्या आम्हा ग्राहकांच्या बिलात 'परिवहन तोटा वसुली' नावाचा वेगळा आकार आला, इंग्रजीत टीडीएलआर. पुढे तोही बंद झाला.

माझ्याकडे ती बिलं अजून फाइलला आहेत. तेव्हा त्या ओळीवर मीच पेनाने गोल काढून ठेवलाय आणि बाजूला प्रश्नचिन्ह. आपण वीज जाळली, बसचे पैसे कशाला द्यायचे, असं वाटायचं. मी चुकले होते. तो आकार गेला तेव्हा मला बरं वाटलं, आणि त्याच शहरात नंतर बसचा ताफा आटत गेला. एके काळी चार हजारांच्या वर गाड्या होत्या. आता भाडेतत्त्वावरच्या धरूनही तेवढ्या नाहीत, आणि बेस्टच्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा काही शेकडे उरल्या आहेत.

मग ९ मे २०२५ ला भाडं वाढलं. योगायोगाने तारीख घोड्याच्या ट्रामचीच. साध्या बसचं किमान भाडं ५ वरून १०, एसीचं ६ वरून १२. २०१९ मध्ये हेच भाडं ५ रुपयांवर आणलं होतं तेव्हा माणसं शेअर टॅक्सी सोडून बसकडे परत आली होती, माझ्या ऑफिसातल्याच चौघी.

ज्यांना १० रुपये काहीच वाटत नाहीत त्यांच्यासाठी आमच्या मजल्यावर कामाला येणाऱ्या ताईंचा हिशेब मांडते. त्यांची दिवसाला चार तिकिटं. प्रत्येक तिकिटामागे ५ रुपये वाढले, म्हणजे रोजचे २०. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ५२० रुपये. एका घरची भांडी घासून महिन्याला जे मिळतं, त्यातला मोठा घास हा. पास काढा म्हटलं तर एकरकमी पैसे हातात नसतात. म्हणून आता त्या दोन फेऱ्या पायी करतात. सकाळी दहा मिनिटं उशिरा येतात आणि आल्या की आधी ओट्याला टेकून पाय चोळतात. हा तोटा कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही. तो त्यांच्या पोटऱ्यांत आहे.

महापालिकेने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात बेस्टला १,००० कोटींचं अनुदान ठेवलं. आकडा मोठा वाटतो. पण याच सीएसएमटीच्या पोटातून जाणारी मेट्रो ३ बांधायला ३७,००० कोटींहून जास्त लागले. मेट्रो मला आवडते, मी तिने जातेसुद्धा. माझं म्हणणं एवढंच, की तिथे खर्चाला गुंतवणूक म्हणतात आणि बसचा विषय निघाला की त्याच खर्चाला तोटा म्हणतात. हे शब्द बदलायला हवेत. दोन्ही गाड्या तीच माणसं नेतात, आणि बस तर थेट चाळीच्या तोंडाशी येते.

कोलकात्यात १८७३ मध्ये ट्राम सुरू झाली, आपल्या आधी वर्षभर. देशात चालती ट्राम तिथेच उरली. २०२४ च्या सप्टेंबरात तिथल्या सरकारने मैदान ते एस्प्लनेड एवढा तुकडा ठेवून बाकी बंद करायचं जाहीर केलं. मी ती बातमी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "तुकडा कशाला ठेवतात? त्याने कामाला कोण जाणार?"

म्हणूनच ए-११५ मला नुसती सहलीची गाडी वाटायला नको आहे. रविवारी तिच्यात पोरं घेऊन आलेली कुटुंबं जास्त असतात, वरच्या मजल्यावर फोटो चाललेले असतात, छान वाटतं. पण मी ऑफिस सुटल्यावरही तिने गेले आहे. तेव्हा खालचा मजला डबे आणि छत्र्या घेतलेल्या माणसांनी भरलेला असतो आणि गाडी त्यांना सामावून घेते. खरी परीक्षा ती, आणि तीत ती चांगल्या गुणांनी पास होते. अशा आणखी हव्यात, लालबाग-परळवरून जाणाऱ्या हव्यात.

परतताना घाई केली आणि शेअर टॅक्सीत बसलो. आईचे पाय आत घ्यायलाच दोन मिनिटं लागली, तिसऱ्या माणसाने तिला दाराशी दाबली आणि टॅक्सीवाल्याने सुट्टे नाहीत म्हणून वरचे पैसे ठेवून घेतले. तुम्ही म्हातारं माणूस बरोबर असेल तर दोन्ही वेळा बसनेच या. रविवारी सकाळी नऊच्या आत गेलात तर वरची पुढची सीट मिळते. आधी वर चढा, तिकीट द्यायला कंडक्टर वर येतात. सुट्टे पैसे जवळ ठेवा, आणि हुतात्मा चौकातले रूळ बघायला पाच मिनिटं हाताशी ठेवून निघा.