चुंबकी अक्षरांची पेटी: जूनपासून हुरड्यापर्यंतचा अनुभव

लेक जूनमध्ये मोठ्या गटात गेली तेव्हा ही पेटी ऑनलाइन मागवली. फोमची जाड रंगीत अक्षरं, पाठीला चुंबक, काना-मात्रा-वेलांट्या सुट्या आणि सोबत एक तक्ता. किंमत पाचशेच्या आत. आमच्या परभणीच्या घरात तिला जागा मिळाली ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीवर. फ्रिज सारखा कुणीतरी उघडतं. कोठीसमोर लेकरू निवांत फतकल मारून बसतं. सासूबाईंनी विचारलं होतं, "कामून गं, कोठीला काय चिटकवायलीस?" आता संध्याकाळी नातीला शब्द घालायला त्याच आधी बसतात.

या पेटीचं खरं मोल सुट्या काना-वेलांट्यांत आहे. बाराखडीचे तयार तक्ते घरोघरी असतात, लेकरं ते पाठही म्हणतात, पण 'कि' मध्ये नेमकं काय कुठे लागलं ते त्यांना कळलेलं नसतं. मी म्हटलं, "किडा लाव." तिने आधी क लावला, मग पहिली वेलांटी, मग ड आणि काना. तिचं चूक नव्हतं. कानाला क आधी ऐकू येतो आणि इ नंतर. पण ती वेलांटी जाऊन बसली ड च्या डोक्यावर. मी आहे तसं वाचून दाखवलं, "क-डि-आ." ती खदखदून हसली आणि स्वतःच वेलांटी उचलून क च्या डावीकडे नेली. वहीत हे खोडरबराचं काम झालं असतं, इथे तुकडा नुसता सरकवायचा. त्यानंतर बरेच दिवस मुद्दाम चुकीचं लावून "आई, आता वाच" म्हणायचा खेळ चालला. त्या खेळातून वेलांटी जितकी पक्की झाली तितकी गिरवून झाली नसती, असं माझं मत.

आता तक्रारी. पेटीवर ठळक 'मराठी' छापलंय आणि आत ळ नाही! अर्धापूरची केळी, वसमतची हळद, लातूरची डाळ, लेकराची शाळा, सगळं अडलं. उलट खाली नुक्ता दिलेले ड़ आणि ढ़ आहेत, त्यांचं मराठीत काय करायचं? ल दांडीचा, श गाठीचा. राज्य शासनाने 2009 मध्ये मराठीची वर्णमाला आणि लिपी प्रमाणित केली, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलाय. पेटीत एक ल आणि शाळेच्या फळ्यावर दुसरा, म्हणून पोरगी काही दिवस पेटीतला ल ओळखायलाच तयार नव्हती. तक्त्यावर तर "ठ से ठठेरा". विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर आलं की हिंदी-मराठी अक्षरं सारखीच असतात. तक्ता मी कपाटावर टाकून दिला.

दुसरी अडचण याहून मोठी. प्रत्येक अक्षर एकच, आणि काने मोजून दोन. लेकराला पहिल्यांदा लिहायचं असतं मामा, काका, बाबा, दादा. एका म मध्ये मामा कसा व्हावा? शेवटी जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद कापला, मागे चुंबकाची पट्टी चिकटवली आणि क, म, ब, द, र आणि ढीगभर काने घरीच केले. ळ पण त्यातच झाला.

र ला उकार नीट बसत नाही. तो खाली नव्हे तर मधे बाजूला लागतो, आणि पेटीतला उकार तिथे लटकतो. 'रु' आणि 'रू' वेगळे कापून घ्या. अर्धी अक्षरं तर नाहीतच, त्यामुळे ज्या कोठीवर हे सगळं चाललंय तिच्यातली ज्वारी काही त्या कोठीवर लिहिता येत नाही.

जावेचा मुलगा दुसरीत आहे, त्याच्यासाठी मात्र पेटी अनपेक्षितपणे कामी आली. त्याचा घोळ ऱ्हस्व-दीर्घाचा. चूल, फूल, दूध, खीर, वीट: शेवटचं अक्षर अकारान्त असलं की मराठी शब्दात त्याआधीचा इ किंवा उ दीर्घ. पण प्रत्यय लागला की तोच ऱ्हस्व होतो: चुलीत, फुलाला, दुधात, खिरीत. हा नियम त्याने शाळेत ऐकला होता, डोक्यात शिरला नव्हता. आम्ही कोठीवर 'चूल' लावतो, मी 'चुलीत' म्हणते, आणि त्याने दुसरा उकार काढून पहिला लावायचा. लेक बाजूला बसून काढलेले उकार गोळा करते. 'गुण', 'विष' असे संस्कृत शब्द यात बसत नाहीत, ते सध्या बाजूलाच ठेवलेत.

लेक 'पाणी' ऐवजी 'पानी' लावते, कारण आजी तसंच बोलते. मी टोकत नाही. पाच वर्षांच्या लेकराने ऐकलेला आवाज अक्षरात बरोबर उतरवला, हेच सध्या पुष्कळ आहे. ण पुढे शाळेत येईलच.

कंटाळा आला की पेटी बंद आणि गावांच्या भेंड्या सुरू. शेवटचं अक्षर पकडायला याहून सोपा खेळ नाही, पण मराठवाड्यात तो र वर अडतो. लातूर म्हटलं की रेणापूर, त्यावर राजूर, पुन्हा र. सासूबाईंनी रोहिलागड काढून सोडवलं.

टिकाऊपणा यथातथाच. दिवाळीपर्यंत बरेच चुंबक सुटले. घरात रांगतं लेकरू असेल तर याकडे खरंच लक्ष द्या: एकाहून जास्त चुंबक गिळले गेले तर ते आतड्यात एकमेकांना ओढून धरतात आणि ऑपरेशनची वेळ येते. सुटलेला चुंबक दिसला की मी तो तुकडा लगेच काढून ठेवते, आणि पेटी रात्री माळ्यावर.

घेणार असाल तर आतल्या अक्षरांचा फोटो मागवून ळ आणि काने बघून घ्या. पाचपैकी तीन स्टार, आणि तेही वेलांट्यांमुळे.