डॉक्सा सब 300टी : बुटक्या तासकाट्यासोबत काढलेला हंगाम

हा अनुभव लिहायचा आळस करत होतो, पण मागच्या आठवड्यात एका सर्व्हिस काउंटरवर डोकं फिरलं आणि लिहायला बसलो. दुकानाचं नाव घेत नाही. शहरात जुनं आहे, बाहेर पाटी मोठी आहे. डायव्हिंगचा हंगाम सुरू व्हायच्या आधी माझ्या डॉक्सा सब 300टी या स्विस डायव्हिंग घड्याळाची पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्यावी, एवढंच काम होतं. झाकण न उघडता यंत्रात ठेवायचं, दहा-पंधरा मिनिटांचा मामला.

काउंटरवरच्या मुलाने घड्याळ उलटंपालटं केलं, भिंग लावलं आणि म्हणाला, "काका, तासकाटा ओरिजिनल नाहीये. कुणीतरी लेडीज घड्याळाचा बसवलाय." पुढे सल्ला आला की पूर्ण सर्व्हिसिंग करा, काटे बदला, मग टेस्ट करू. मी म्हटलं, "अरे, हे असंच येतं." त्यावर त्याने शेजारच्याला बोलावलं. तोही हसला. चाचणीचे पैसे आगाऊ घेतले होते, ते परत मिळवायला अर्धा तास वाद घालावा लागला. "पावती फाडली की परत नाही" हे वाक्य मी या शहरात शेवटचं ऐकलं असं समजत होतो.

पण खरं सांगू? त्या मुलाचा राग आला तरी तो जे म्हणाला ते मी स्वतः पहिले दोन महिने म्हणत होतो.

आकडे थोडक्यात: रुंदी 42.5 मिलिमीटर, 1200 मीटर खोलीपर्यंत पाणी शिरत नाही, हेलियम बाहेर सोडणारी झडप, नारिंगी तबकडी. त्यावर वेळ घालवत नाही. प्रश्न तासकाट्याचा आहे. मिनिटकाटा चांगला रुंद, काळा, तबकडीभर पसरलेला. तासकाटा मात्र मध्यभागी अंग चोरून बसलेला. बसमध्ये कुणी वेळ विचारली की मी "पंचवीस" म्हणून मोकळा व्हायचो आणि किती वाजून पंचवीस ते शोधत बसायचो. बायकोने एकदा विचारलं, "एवढे पैसे देऊन अर्धंच घड्याळ घेतलंस का?" पैसे 2000 डॉलरच्या आतले, पण वर आयात शुल्क भरलंय, तेव्हा प्रश्न अगदीच गैर नव्हता.

मत बदललं ते तारकर्लीला. तिथलं पाणी हिरवट, गढूळ, वाळू उडाली की स्वतःचा हात दिसायची मारामार. मनगट मास्कसमोर आणलं आणि त्या नारिंगी तबकडीवर एकच गोष्ट दिसली, मिनिटकाटा. तास दिसला नाही आणि त्याची गरजही नव्हती. पाण्याखाली किती वाजले हे कुणाला हवं असतं? खाली उतरून किती मिनिटं झाली, बास. तासकाटा मोठा असता तर त्या गढुळात दोन काळ्या पट्ट्यांमध्ये गोंधळ झाला असता. ही खोड नाही, ठरवून केलेलं काम आहे.

ठरवणारी माणसंही साधी नव्हती. साठच्या दशकात उर्स एश्ले यांच्याकडे डॉक्साच्या या डायव्हिंग घड्याळाची जबाबदारी होती. त्यांनी सल्ल्याला घेतलं क्लोद वेस्ली यांना. समुद्रतळाचा शोध घेणारे फ्रेंच संशोधक जाक कुस्तो, त्यांच्या चमूतले हे तेच वेस्ली, जे 1962 साली आल्बेर फाल्को यांच्यासोबत फ्रान्समधल्या मार्सेजवळ समुद्राखालच्या घरात आठवडाभर राहिले होते. खोली होती 10 मीटर, म्हणजे आपण तारकर्लीला साधारण जेवढं उतरतो तेवढीच. तबकडीचे रंग स्वित्झर्लंडमधल्या नशातेल सरोवराच्या गढूळ पाण्यात तपासले आणि त्यातून नारिंगी निघाला. 1967 साली या मालिकेतलं पहिलं घड्याळ बाजारात आलं. आता मालकी जेनी कुटुंबाकडे आहे आणि 2020 मध्ये आलेल्या या नव्या आवृत्तीत त्यांनी तासकाट्याला हात लावलेला नाही. लावला असता तर दुकानातला तो मुलगा खूश झाला असता.

बेझलबद्दल, म्हणजे तबकडीभोवतीच्या फिरत्या कड्याबद्दल, मात्र माझी तक्रार कायम आहे. बाहेरच्या वर्तुळात खोली, आतल्यात मिनिटं. उतरताना शून्य मिनिटकाट्यासमोर आणायचं. मग काटा तुमच्या खोलीच्या आकड्यापाशी पोचला की वर निघायचं, म्हणजे डीकंप्रेशनसाठी (शरीरातला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून) वाटेत थांबावं लागत नाही. अमेरिकी नौदलाच्या जुन्या तक्त्याप्रमाणे 60 फुटांवर 60 मिनिटं, 100 फुटांवर 25, 130 फुटांवर जेमतेम 10. कल्पना अफाट सुंदर. पण हिशोब फक्त दिवसाच्या पहिल्या डाइव्हचा, दुसरीला शरीरात उरलेला नायट्रोजन यात कुठेच धरलेला नाही. शिवाय आपल्या किनाऱ्यावर 30-35 फुटांवर पोहणाऱ्याला त्या खोलीच्या वर्तुळाचा काडीचा उपयोग नाही. दुसऱ्या मनगटावर खोली आणि वेळेचा हिशोब ठेवणारा डाइव्ह कॉम्प्युटर असतोच. तरी उतरताना बेझल फिरवतो. हाताला चाळा.

हेलियमच्या झडपेबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही. दिवसचे दिवस दाबाखालच्या कक्षात राहणाऱ्यांसाठी ती आहे. तिथे हेलियम घड्याळात शिरतो आणि दाब उतरताना बाहेर पडला नाही तर काच उडवतो. मी घरी जाऊन वरणभात खातो.

पोलादी पट्टा तांदळाच्या दाण्यांएवढ्या मण्यांचा आहे आणि सगळ्या घड्याळात मनगटाला सर्वांत सुखाचा भाग तोच. वेटसूटवरून बांधता यावा म्हणून बक्कलात लांबी वाढवायची सोय आहे. सुरुवातीला मी रबरी पट्टा घेऊन थोडे पैसे वाचवणार होतो. भाचीने माझं ऐकलं नाही, पोलादीच घ्यायला लावला, बरं झालं. 38 तासांचा पॉवर रिझर्व्ह, म्हणजे हातातून काढल्यावर चालत राहायची मुदत, मात्र तोकडा. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं की सोमवारी सकाळी बंद, मग तारीख लावा.

चाचणी शेवटी एका गल्लीतल्या घड्याळजींकडे झाली. त्यांनी तासकाट्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत, यंत्रात ठेवलं, पास झालं, चहा पाजला. पैसे त्या काउंटरच्या निम्मे.

घेणाऱ्यांसाठी एवढंच: 1200 मीटर आणि झडप नको असेल तर त्यांचंच सब 300 बघा. 300 मीटर, झडप नाही, अचूकतेचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र आहे. आणि त्याची किंमत जास्त आहे. चौपट कमी खोलीला जादा पैसे का मोजायचे, हे मला अजून कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. म्हणून मी हे घेतलं.