शोकोला: उपासाच्या दिवसात उघडलेलं चॉकलेटचं दुकान

काल रात्री परत शोकोला बघितला, कितव्यांदा ते आता आठवत नाही. २००० सालचा पिक्चर, दिग्दर्शक लासे हॉलस्ट्रॉम, जोआन हॅरिसच्या कादंबरीवरचा. पोस्टरवर ज्युलिएट बिनोश आणि जॉनी डेप आहेत म्हणून सगळे याला लव्हस्टोरी म्हणतात, पण मला विचाराल तर यातला खरा भुकेला माणूस आहे गावचा मेयर, काउंट द रेनो.

गोष्ट १९५९ची, फ्रान्समधलं छोटंसं गाव, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपासाचे आणि नेमक्या त्याच दिवसात व्हिएन नावाची बाई (ज्युलिएट बिनोश) लहान मुलीला घेऊन येते आणि चर्चसमोर चॉकलेटचं दुकान थाटते, वर चर्चला जात नाही आणि लग्नही झालेलं नाही, मग काय, गावभर कुजबुज. आपल्याकडे उपास म्हटला की साबुदाणा खिचडी आणि एकादशी दुप्पट खाशी, या काउंटचं तसलं काही नाही, तो खरंच पोट मारून राहतो. बायको सोडून गेलीय आणि हा सगळ्यांना सांगतो ती व्हेनिसला गेलीय. नवीन तरुण पाद्र्याचं प्रवचनसुद्धा हाच दुरुस्त करून देतो! आल्फ्रेड मोलिनाने हा माणूस असा केलाय की त्याचा राग येता येता पोटात कालवायला लागतं.

कादंबरीत रेनो स्वतःच पाद्री आहे. पिक्चरमध्ये त्याला मेयर केलं ते मला जास्त आवडलं, कारण त्यामुळे शेवटी त्या बिचाऱ्या पाद्र्याला ईस्टरला स्वतःच्या मनातलं बोलायला मिळतं.

आणि जूडी डेंच! डायबेटिस असलेली आजी, मुलगी नातवाला भेटू देत नाही, मग तो चोरून दुकानात येतो, तिचं चित्र काढतो आणि ही मिरची घातलेलं गरम चॉकलेट पीत त्याच्याशी गप्पा मारत बसते. माझ्यासाठी पिक्चरमधलं खरं प्रेम हेच. नवऱ्याचा मार खाणारी जोसेफिन हळूहळू ताठ उभी राहते तेही लीना ओलिनने फार सुंदर केलंय.

जॉनी डेप पिक्चर बराच पुढे गेल्यावर होडीतून येतो, दिसतो मस्त, गिटार वाजवतो, पण त्याचं आणि व्हिएनचं प्रेम घाईत उरकल्यासारखं वाटतं. आणि फ्रान्समधलं गाव असून बरेच जण फ्रेंच सूर लावून इंग्लिश बोलतात ते मला शेवटपर्यंत खटकलं. ऑस्करला पाच नॉमिनेशन होती, मिळालं एकही नाही, निदान रेचल पोर्टमनच्या म्युझिकला तरी द्यायला हवं होतं.

तरी बघाच, निदान ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या त्या सीनसाठी. काउंट दुकानाची नासधूस करायला आत शिरतो, चॉकलेटचा एक कण ओठाला लागतो आणि इतक्या दिवसांची सगळी भूक एकदम बाहेर येते, खातो, रडतो, तिथेच काचेआड झोपून जातो. सकाळी व्हिएन त्याला हसत नाही, गावाला बोलावत नाही, फक्त एक ग्लास पुढे करते, हे पी म्हणून.