बुद्ध इंटरनॅशनल सर्किट: आखणी अव्वल, पण आतली बाजू झाडलेली हवी

ग्रेटर नोएडाचं हे मोटार शर्यतींचं सर्किट जर्मन आखणीकार हर्मान टिल्के यांनी आखलं. 2011 ते 2013 अशी तीन वर्षं इथे फॉर्म्युला वन झाली. लांबी 5.125 किलोमीटर, वळणं 16. मूळची जमीन सपाट असूनही ट्रॅकला भरपूर चढउतार दिलेत, आणि खरी करामत तिथेच आहे.

तिसरं वळण बघा. चढावर येतं, म्हणून ब्रेक जरा उशिरा मारता येतो. त्यात वळणाच्या तोंडाशीच रस्ता मुद्दाम रुंद केलाय. नव्या सर्किटला 12 मीटर रुंदी पुरते, इथे त्याहून बरीच जास्त आहे. मागचा आतून घुसला आणि जरा जास्त खोल गेला, की पुढचा बाहेरून येऊन त्याला आतून कापतो. बाहेर पडल्यावर किलोमीटरभराची सरळ पट्टी आहे, म्हणजे तिसऱ्यातून जो आधी ॲक्सिलरेटर दाबतो तोच चौथ्याला ओव्हरटेक करतो. प्रेक्षकांनी याच दोन वळणांजवळची जागा घ्यावी; मुख्य स्टँडवरून सुरुवात आणि पिट स्टॉप छान दिसतात, झुंज नाही.

घोळ होतो तो धुळीमुळे. ट्रॅक वापराविना पडून राहिला की टायरचं घासलेलं, पकड देणारं रबर फक्त रेसिंग लाइनवर, म्हणजे सगळ्या गाड्या ज्या वेगवान वाटेने जातात तिच्यावर टिकतं आणि बाजूला धूळ साचते. मग आतून घुसणाऱ्याचं पुढचं चाक लॉक होतं, गाडी सरळ बाहेर जाते आणि ती सगळी रुंदी फुकट. ट्रॅक डे (स्वतःची गाडी ट्रॅकवर चालवायचा दिवस) बुक करताना तिसऱ्या-चौथ्या वळणाची आतली बाजू मशीनने झाडली का, हे आयोजकाला विचाराच. फक्त लाइन झाडून भागत नाही. पाऊस असेल तर उलटं करा: लाइनवरचं रबर ओलं झालं की निसरडं होतं, तेव्हा लाइनच्या थोडं बाहेरून चालवा.

दहावं-अकरावं हे उजवीकडे वळत जाणारं लांबलचक वळण सुरेखच, पण डाव्या पुढच्या टायरला फार झिजवतं. दर सेशननंतर त्याच टायरचं प्रेशर आणि बाहेरची कड आधी तपासा.

मोटरसायकलवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. वळणाबाहेरचा डांबरी रन-ऑफ (निसटलेल्या गाडीसाठी ठेवलेली मोकळी जागा) चारचाकीला सोयीचा, कारण त्यावर ब्रेक लागतो. पडलेला रायडर मात्र डांबरावरून दूरवर घसरत जातो, त्याला खडीच थांबवते. म्हणूनच 2023 च्या मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतीसाठी ट्रॅक 4.96 किलोमीटर आणि 13 वळणांचा करावा लागला. तुमच्या ट्रॅक डेला कोणता लेआउट उघडा आहे आणि खडी कुठे कुठे आहे, हे ब्रीफिंगमध्येच विचारून घ्या आणि ट्रॅकवर उतरण्याआधी नकाशावर खुणा करून ठेवा.